खडूच्या खुणेवर

त्यांना सगळे कवळीकाका म्हणायचे. एकतीस वर्षं माणूस लोकांचे खोटे दात करतोय, तर त्याला दुसरं काय म्हणणार? दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्यांची खोली. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं दारातच उभं राहावं, एवढीच. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर. गुलाबी मेण तापवायचं, एकेक दात रोवायचा, डोळा बारीक करून ओळ बघायची, केसाएवढा फरक दिसला की पुन्हा मेण तापवायचं. "दात म्हणजे बसची रांग नाही, कुणीही मध्ये घुसायला," असं ते म्हणायचे. घरी चपला काढल्या तरी दोन्हींची टोकं एका रेषेत. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, ते काकूंनाच विचारायला हवं होतं.

अशा या माणसाला ऑर्किडचा नाद लागला, तो कचऱ्याच्या डब्यामुळे. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याच्या टेबलावर कुणीतरी भेट दिलेलं ऑर्किड होतं. फुलं झडली तशी टेबलाशी बसणाऱ्या बाईंनी ते उचलून डब्यात टाकलं.

"मेलंय ते," त्या म्हणाल्या.

"दात पडले म्हणून माणूस मेला म्हणता का तुम्ही?" असं म्हणून काकांनी ते काढून घेतलं आणि पिशवीत घालून घरी आणलं.

घरी आणून त्यांनी काय केलं असेल? चांगल्या काळ्या मातीत लावलं आणि रोज तांब्याभर पाणी घातलं! महिन्याभरात अर्धी मुळं कुजली. मग पुस्तकं आणून वाचली, रोपवाटिकेत जाऊन विचारलं, तेव्हा अक्कल आली. हे झाड मातीतलं नव्हेच. गरम, ओलसर रानात उंच झाडांच्या फांद्यांना धरून राहायचं, मुळं हवेत सोडायची, पाऊस येईल तेव्हा प्यायचं, हा त्याचा खाक्या. मग काकांनी पारदर्शक कुंडी आणली, तिला भोकं पाडली, आत सालीचे तुकडे आणि कोळसा भरला. पाणी आठवड्यातून एकदा. मुळं कोरडी असली की रुपेरी दिसतात, पाणी प्यायली की हिरवी होतात. दवाखान्यातला दात बघायचा छोटा आरसा घेऊन काका कुंडीखालून मुळांचे रंग बघत बसायचे.

"बांडगूळ आणलंय घरात," काकू म्हणायच्या. काकू पोस्टात होत्या. शिक्के मारून मारून त्यांचा उजवा खांदा कायमचा धरलेला, पण जीभ अगदी मोकळी.

"बांडगूळ नाही गं. बांडगूळ झाडाचं रक्त पितं. हे नुसतं टेकतं. पोटाचं आपलं आपण बघतं."

"मग तुमच्यापेक्षा बरंच की!"

पुढे पुढे तर काकू झाडाला सरळ सवतच म्हणायला लागल्या. "सवतीला आंघोळ घातलीत का? मग आता चहा ठेवा." काका हसायचे नाहीत, पण चहा ठेवायचे.

नऊ वर्षांत झाड चार वेळा फुललं. कधी तीन फुलं, कधी दोन. यंदा मात्र जाडजूड दांडा आला आणि काकांनी बघितल्याबरोबर ओळखलं की हे काहीतरी वेगळं आहे. आठ-नऊ कळ्या तरी धरणार. दरवर्षी सभागृहात ऑर्किडचं प्रदर्शन भरायचं. काका दरवर्षी नुसते बघून यायचे आणि आठवडाभर गप्प असायचे. यंदा त्यांनी अर्ज भरला. तिथे परीक्षक फुलाच्या रंगाआधी ओळ बघतात. सगळी फुलं एकाच बाजूला तोंड करून, एकाखाली एक उतरलेली हवीत. त्यासाठी करायचं ते एकच. दांडा आला की कुंडी जागची हलवायची नाही. झाड उजेडाकडे तोंड करतं. उजेडाची दिशा बदलली की कळ्या गोंधळतात.

काकांनी खिडकीशी स्टूल ठेवलं, त्यावर कुंडी ठेवली, कुंडीच्या कडेवर खडूनं एक रेघ मारली आणि तिला जोडून स्टुलावर दुसरी. दोन रेघा जुळल्या म्हणजे कुंडी जागेवर. दांड्याला आधार म्हणून कवळीतली तार वाकवून उभी केली आणि तिच्या टोकाला गुलाबी मेणाचा मणी लावला, दांड्याला टोचू नये म्हणून.

त्याच सुमाराला काकूंनी अंथरूण धरलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, आता जेवढं आहे तेवढं. हवा लागावी म्हणून त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आणली आणि खिडकीसमोरच्या भिंतीला लावली. दिवसभर बघायला एक मावशी ठेवल्या. सकाळी नऊला काका निघायचे, तेव्हा मावशी यायच्या. संध्याकाळी साडेसहाला काका आले की जायच्या.

खाटेवरून काकूंना खिडकी दिसायची आणि खिडकीत सवतीची पाठ.

"अहो," एकदा त्या म्हणाल्या, "जरा इकडे फिरवा ना तिला. नुसती पाठच दिसते."

"आत्ता नको गं. कळ्या धरायची वेळ आहे. फिरवली की सगळा विचका होईल. प्रदर्शन होऊ दे एकदा, मग तुझ्या उशाशीच आणून ठेवतो."

"बरं," काकू म्हणाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

आता तुम्ही म्हणाल, कसला कोरडा माणूस! तसं नव्हतं हो. काकूंचं अंग पुसणं, पाय चेपणं, गोळ्या, सगळं काका स्वतःच्या हातानं करायचे. फक्त प्रदर्शनानंतरही आपल्याजवळ वेळ आहे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं.

संध्याकाळी आल्या आल्या, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ते आधी खिडकीशी जायचे. स्टूल आणि खिडकी यांच्यात मांजर जाईल एवढीच फट. तिच्यात मान घालून कळ्या मोजायच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं आणि काकूंना जाहीर करायचं.

"चौथी कळी आली!"

"हो का?" काकू म्हणायच्या.

"मोहरीएवढी आहे अजून."

"अरे वा."

रोजचं ठरलेलं. तेवढं झालं की काका चहा ठेवायचे.

काकू गेल्या त्या दुपारी काका एका म्हाताऱ्या गवयाच्या कवळीचे वरचे दात लावत होते. मावशींचा फोन आला. काकांनी मेणाचा दिवा विझवला, हातातला दात डबीत ठेवला, डबी बंद केली आणि घरी आले. काकू डोळे मिटून पडल्या होत्या. काकांना वाटलं की आता आपल्याला काहीतरी होईल. काही झालं नाही. माणसं आली, लेक आली, ती गळ्यात पडून रडली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हाताखाली तिच्या ड्रेसची चेन लागतेय, एवढंच त्यांना कळत होतं. दाताचं इंजेक्शन दिल्यावर पेशंट गाल चाचपून बघतो, आहे की नाही म्हणून, तसे काका स्वतःला चाचपत होते. पेशंटला डॉक्टर सांगतात, दोन तासांत उतरेल. काकांना कुणी वेळ सांगितली नव्हती.

पुढच्या सगळ्या गोष्टी त्यांनी नीट केल्या. सह्या केल्या. काकूंची उरलेली औषधं त्यांच्या डॉक्टरांकडे परत दिली. मावशींचा निरोप घेतला. लोक म्हणाले, काय खंबीर माणूस आहे. खंबीर कसले, त्यांना चहाची चवसुद्धा लागत नव्हती. साखर घातली की नाही, ते डब्यातला चमचा ओला आहे का बघून ठरवायचे.

चौथ्या दिवशी लेकीचं लक्ष कॅलेंडरकडे गेलं. ज्या तारखेला आई गेली, त्या चौकोनात बापाच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाच. पाचवी वाटाण्याएवढी.'

"बाबा, हे कधी लिहिलंत?"

"संध्याकाळी. साडेसहाला."

"आई गेली त्या दिवशी? माणसं घरात बसलेली असताना? तुम्ही कळ्या मोजत होतात?"

काकांनी बराच विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते सापडत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "सवय."

लेकीनं कॅलेंडरकडे पाठ केली. दोन दिवसांनी ती तिच्या घरी गेली. मग रोज एक फोन. "जेवलात?" "हो." "बरं, ठेवते." आईचं नाव ती काढत नव्हती, काकांना काढता येत नव्हतं. एकुलती एक लेक, ती अशी हातची निघून चालली होती आणि ते त्यांना दिसत होतं. फक्त लागत नव्हतं.

राहता राहिलं प्रदर्शन. तेवढंच एक करायचं होतं, म्हणून काका ते करत राहिले. बुधवारी कुंडी पाण्यात बुडवून पुन्हा खुणेवर ठेवायची, साडेसहाला मोजायचं, कॅलेंडरवर लिहायचं. जाहीर करायला कुणी नव्हतं.

मग फुलं उमलायला लागली आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं! पहिलं फूल उमललं ते खिडकीकडे नाहीच, खोलीकडे तोंड करून. काकांना वाटलं, एखादं असतं असं. दुसरंही तसंच. तिसरं, चौथं, पाचवं, सगळी खोलीकडे. आणि सहावं उमललं ते खिडकीकडे. सातवं, आठवं खिडकीकडे. मध्येच दांड्याला पीळ बसलेला. पांढरीशुभ्र, तळहाताएवढी फुलं, मधल्या जिभेसारख्या पाकळीवर जांभळा ठिपका, पण अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. भांडण झालेल्या घरातली माणसं जेवायला बसल्यासारखी.

खडूच्या रेघा जुळलेल्या होत्या. काकांनी तीन वेळा बघितलं. एरवी त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता खुर्ची ओढून बसले आणि बघत राहिले. नऊ वर्षं पाण्यात गेली, हे त्यांनी स्वतःशी मोठ्यानं बोलून पाहिलं. नुसतेच शब्द निघाले.

तरी शनिवारी ते गेले. अर्ज भरलाय म्हणजे जायचं. खोक्याच्या तळाशी कुंडी घट्ट बसवली, फुलांच्या मधे मधे दवाखान्यातला कापूस घातला आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं. सभागृहात लांब टेबलं, त्यावर काळं कापड, वरून पांढरे दिवे. प्रत्येकाला दोन हात जागा. डावीकडच्या बाईंची पिवळी फुलं शाळेतल्या मुलांसारखी रांगेत. उजवीकडच्या माणसानं सालीच्या फळीवर बांधलेलं छोटंसं रोप टांगलं होतं, मुळं खाली लोंबत सोडलेली. काकांनी कुंडी ठेवली. पुढून बघितलं तर वरची फुलं दिसायची आणि खालच्यांची पाठ. उलटी ठेवली तर खालची दिसायची, वरच्यांची पाठ. शेवटी दोन्ही बाजूंची फुलं कडेनं दिसतील अशी वळवून ठेवली.

परीक्षक म्हणजे एक वयस्क बाई, मोठी रोपवाटिका चालवणाऱ्या. काकांनी नऊ वर्षांपूर्वी मुळांबद्दल विचारलं होतं, ते त्यांनाच. त्या आल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि फुलांकडे न बघता दांडाच बघत राहिल्या.

"झाड उत्तम आहे हो," त्या म्हणाल्या. "मुळं, पानं, काही बोलायला जागा नाही. पण कुंडी फिरवलीत ना?"

"नाही."

"फिरवलीय."

"मी खडूची खूण केली होती. एक बोटभरही हलली नाही."

बाई हसल्या. "खडूपेक्षा झाड खरं सांगतं. हे बघा. खालच्या पाच कळ्या मोठ्या होत होत्या, तेव्हा ही कुंडी रोज दिवसा उलटी ठेवलेली होती. दिवसाउजेडी कळ्यांनी खिडकीकडे तोंड केलं. संध्याकाळी कुणीतरी कुंडी परत जागेवर ठेवत होतं. मग तीच तोंडं आत खोलीकडे. असं तीन-चार आठवडे चाललं." त्यांनी पेन्सिलीचं टोक पिळाशी नेलं. "आणि इथे, पाचव्या कळीनंतर, ते एकदम थांबलं. वरच्या कळ्यांना कुणी हात लावलेला नाही. घरात कुणी होतं का दिवसाचं?"

कॅलेंडरचा तो चौकोन त्यांच्या डोळ्यांपुढे आला. पाच. पाचवी वाटाण्याएवढी.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "ओळ नाही, त्यामुळे मला बक्षिसात बसवता येणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटत," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं.

रविवारी ते मावशींना शोधत गेले. मावशी आता दुसऱ्या एका आजोबांकडे होत्या. जिन्यातच भेट झाली. काकांना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, कुंडी तुम्ही फिरवत होतात?"

मावशींनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. "वहिनींनी शपथ घातली होती हो. म्हणाल्या, यांना कळता कामा नये, बिचाऱ्यांचं प्रदर्शन आहे. तुम्ही जिना उतरलात की म्हणायच्या, 'फिरवा, बघू दे सवतीचं तोंड.' मी फिरवायची. सहा वाजले की पुन्हा खडूला खडू जुळवून ठेवायची. एकदा माझ्या हातानं रेघ पुसली, तर त्यांनी उशीखालून खडू काढून दिला. आधीच मागवून ठेवला होता."

"दिवसभर काय बघायची ती?"

"कळ्या मोजायच्या! तुमच्या आधी त्यांना कळायचं. नवीन कळी दिसली की मला म्हणायच्या, 'मावशी, गप्प राहायचं हं. संध्याकाळी ते येऊन सांगतील. त्यांना सांगू दे.'"

काकांनी जिन्याचा कठडा धरला. हो का. अरे वा. रोज साडेसहाला, महिनाभर.

"आणि अजून एक आहे," मावशी म्हणाल्या. आता त्या रडायला लागल्या होत्या. "मला माफ करा. त्या दिवशी वहिनी गेल्या, तेव्हा तिचं तोंड त्यांच्याकडेच होतं. नाडी लागेना, श्वास नाही. मला काही सुचेना. मी आधी कुंडी जागेवर ठेवली आणि मग तुम्हाला फोन केला. वचन दिलं होतं ना. पाच मिनिटं उशीर केला मी तुम्हाला बोलवायला."

"बरं केलंत," काका म्हणाले. "बरं केलंत, मावशी."

घरी येऊन त्यांनी कुंडी खोक्यातून काढली, कापूस वेचला आणि स्टुलावर ठेवली. हातांनी आपसूक रेघा जुळवल्या. मग काकूंच्या खाटेवर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आडवे झाले. उशीवर डोकं ठेवून वर बघितलं.

खालची पाचही फुलं सरळ त्यांच्याकडे बघत होती. एकाखाली एक, एका रेषेत, केसाचाही फरक नाही. सभागृहात कुठूनही उभं राहून दिसली नसती अशी ती ओळ या उशीवरून दिसत होती. काकूंनी यातलं एकही उमललेलं बघितलं नव्हतं. उशाशी आणून ठेवतो म्हणाले होते ते.

आणि वर, दांड्याच्या टोकाला, काल सभागृहात अजून मिटलेली होती, ती शेवटची, नववी कळी उघडली होती.

साडेसहा वाजता लेकीचा फोन आला.

"जेवलात?"

"अजून नाही." काकांना तिला कितीतरी सांगायचं होतं. मावशी, खडू, ती पाच मिनिटं. कुठून सुरू करावं, कळेना. तोंडातून सवयीनं भलतंच निघालं. "नववं फूल उमललं."

आता ही फोन ठेवणार, असं त्यांना वाटलं.

"हो का?" लेक म्हणाली.

तोच आवाज. तोच वर जाणारा 'का'. काकांनी फोन कानाशी तसाच धरला, तोंड उशीत खुपसलं आणि लहान पोरासारखे मोठमोठ्यानं रडायला लागले. "बाबा? बाबा, काय झालं?" लेक विचारत होती. त्यांना बोलता येत नव्हतं. मग तीही रडायला लागली आणि फोन कुणीच ठेवला नाही.